आधी पुली, मग सेल्फ

इंजिन जाम होणे म्हणजे त्याचा क्रँकशाफ्ट फिरेनासा होणे. किल्ली फिरवली की 'टक' असा एकच आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि पुढे काही घडत नाही. गॅरेजवाल्याला निरोप जातो तो 'जाम झालंय' किंवा 'सीज झालंय' एवढाच. त्यात लक्षण असते, आजाराचे नाव नसते. पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजाने चिकटल्या असतील. सिलिंडरमध्ये पाणी कोंडले असेल. तेलाअभावी बेअरिंगचा धातू घासून, वितळून क्रँकला बसला असेल. किंवा इंजिन ठणठणीत असेल आणि पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर नाहीतर एसीचा कॉम्प्रेसर अडकला असेल. पहिल्या प्रकाराला पंधरा दिवसांचा धीर लागतो, दुसऱ्याला प्लगचा पाना आणि अर्धा तास, तिसऱ्याला लेथ. चौथ्यात एक पट्टा काढला की कोडे सुटते. लक्षण चारही ठिकाणी तेच, आणि गाडीवाल्याचा पहिला उपायही तोच: आणखी एकदा सेल्फ मारून बघणे. जाम इंजिनाचे कायमचे नुकसान बहुतेक वेळा त्या 'आणखी एकदा'त होते.

पलूस तालुक्यात हा विषय पुराबरोबर निघतो. पलूस गाव नदीपासून आत आहे. पण भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, बालगंधर्वांचे नागठाणे आणि येरळा जिथे कृष्णेला मिळते ते ब्रह्मनाळ ही गावे कृष्णाकाठची. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. पाणी चढायला लागले की आधी माणसे हलतात, मग जनावरे, मग धान्य. चारचाकी 'इथवर काही येत नाही' अशा जागी लावली जाते, आणि पाणी तिथवर येते. ओसरल्यावर ती गाळाने माखलेली, काचांच्या आत दव धरलेली, दारात उभी असते.

अशा गाडीत पाणी इंजिनापर्यंत पोचायला बॉनेट उघडे असावे लागत नाही. सायलेन्सरच्या नळीतून, एअर फिल्टरमधून, ऑइल गेजच्या दांडीच्या नळीतून ते आत शिरते. चार सिलिंडरच्या बंद इंजिनात कुठल्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेलाच असतो. तिथे पाण्याला थेट बोअरपर्यंत वाट मिळते. बिडाच्या बोअरवर गंज धरायला मग फार दिवस लागत नाहीत. पिस्टन ॲल्युमिनियमचा, रिंगा लोखंडाच्या, बोअर बिडाची. गंज जागा जास्त घेतो, आणि रिंग व बोअर यांच्यामध्ये मुळात जागाच नसते. तीन-चार रिंगा अशा धरल्या की सेल्फची मोटर हरते.

पाण्यात बुडालेली गाडी आणि पाण्यातून चालवलेली गाडी यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. चालत्या इंजिनाने फिल्टरमधून पाणी ओढले की काय होते, हे मारुती ८०० च्या आकड्यांवरून कळते. इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीन, म्हणजे एकेकाला सुमारे २६५ सीसी. पिस्टन वर गेल्यावर उरणारी पोकळी जेमतेम ३४ सीसी, सव्वादोन टेबलचमचे. तेवढे पाणी आत असले तर पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि पाणी हवेसारखे दबत नाही. फिरत्या फ्लायव्हीलचा जोर थांबत नसतो. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. डिझेलमध्ये दाब जास्त म्हणून ही पोकळी आकाराच्या मानाने आणखी लहान, त्यामुळे तिथे रॉड वाकण्याचे भय अधिक. उभ्या गाडीत पाणी शिरले असेल तर रॉड सरळ असतो आणि इंजिन वाचते. पण मालकाने पूर ओसरल्यावर किल्ली फिरवली नसेल तरच. विमा कंपन्याही हाच फरक करतात. पुराचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसते. पण पाणी भरलेले इंजिन चालू करायला जाऊन झालेले नुकसान 'इंजिन प्रोटेक्ट'सारखे वेगळे कलम घेतलेले नसेल तर सहसा नाकारले जाते.

जाम इंजिन या मुलखाला नवे नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून आपला कारखाना औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर आणला. ती आजच्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी. नांगरांपाठोपाठ तिथे पंप होऊ लागले. तिकडे सातारा रोडला कूपरचा इंजिनांचा कारखाना. त्यामुळे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'इंजिन' म्हणजे गाडीचे इंजिन असा अर्थ कितीतरी काळ नव्हताच. इंजिन म्हणजे मळईजवळच्या खोपटातले, नदीचे पाणी उचलणारे ऑइल इंजिन. पावसाळाभर त्याला काम नसे. जूनमध्ये बंद केलेले इंजिन दसरा-दिवाळीला हँडल लावून फिरवायला जावे, तर हँडल हलत नसे. ते मोकळे करण्याची रीत ठरलेली होती: नोझल काढायचे, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडायचे, झाकून दोन रात्री तसेच ठेवायचे, आणि मग डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून फ्लायव्हील दोन्ही हातांनी थोडे पुढे, थोडे मागे झुलवायचे. पाच हॉर्सपॉवरच्या उभ्या किर्लोस्कर इंजिनाची बोअर ८० मिमी आणि स्ट्रोक ११० मिमी, म्हणजे ५५३ सीसीचा एकच सिलिंडर. तो मोकळा करणाऱ्या हाताला मारुतीचे तीन छोटे सिलिंडर जड जाऊ नयेत. अडचण एवढीच, की गाडीत फ्लायव्हील हाताशी नसते.

तपास विचारपूस करूनच सुरू होतो. इंजिन चालता चालता थांबले की उभ्या उभ्या जाम झाले? चालताना थांबले तर त्याआधी काय दिसले: तापमानाचा काटा वर गेला होता, ऑइलचा लाल दिवा लागला होता, की खडखड वाढत गेली होती? उभ्या उभ्या जाम झाले तर किती महिने उभे होते, पाण्यात होते का, हेड पॅकिंग आधीपासून गळत होते का? या उत्तरांवर अर्धे निदान होऊन जाते. लाल दिवा लागल्यावर 'घर जवळच आहे' म्हणून पुढे नेलेल्या गाडीचे बेअरिंग गेलेले असते, आणि त्या गाडीत डिझेल ओतत बसण्यात अर्थ नसतो.

दुसरी पायरी ऑइल गेजची दांडी. पातळी खुणेच्या वर गेलेली आणि ऑइल दुधाळ चहासारखे झालेले असेल तर चेंबरमध्ये पाणी आहे. दांडी कोरडी निघाली तर गोष्ट वेगळीच. ऑइल काळे पण खुणेबरोबर असेल तर संशय वरच्या बाजूला, रिंगांकडे जातो. एअर फिल्टरचे झाकण उघडून कागद पाहावा. ओला होऊन वाळलेला फिल्टर लाटांसारखा आकसतो आणि पाण्याची रेघ त्यावर उमटून राहते. दांडी आणि फिल्टर या दोन गोष्टी बघायला पाना लागतोच असे नाही, तरी बहुतेक वेळा त्या शेवटी बघितल्या जातात.

मग इंजिनाबाहेरचे आरोपी सोडवून घ्यायचे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्ट दाखवते; १२ च्या खाली आलेली बॅटरीही 'टक' करूनच थांबते, आणि टर्मिनलवरची पांढरी बुकटीही तेच करते. सेल्फचा पिनियन रिंगगियरमध्ये अडकला तर गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मागेपुढे हलवली की सुटतो. पुरातल्या गाड्यांत आणखी एक फसवणूक असते: हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो आणि ब्रेकचे शू ड्रमला गंजून बसलेले असतात. गाडी न्यूट्रलमध्येही ढकलता येत नाही, आणि दोष इंजिनाला दिला जातो. शेवटी पुलीवरचा पट्टा काढायचा. तो काढल्यावर अल्टरनेटर, कॉम्प्रेसर आणि पट्ट्यावर असेल तर पाण्याचा पंप एकेक करून हाताने फिरवून पाहायचे. यांतला एखादा हलत नसेल आणि क्रँकची पुली फिरत असेल, तर मामला स्वस्तात मिटला. काही गाड्यांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर असतो. तिथे तो सुटा तपासता येत नाही.

आता क्रँक. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलेली, गियर न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड. क्रँकच्या पुलीच्या मधल्या बोल्टवर योग्य मापाची गोटी आणि लांब दांडा लावून इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ताण द्यायचा. पुलीकडे तोंड करून उभे राहिल्यावर ही दिशा बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांची. होंडाची काही जुनी इंजिने उलटी फिरतात. उलट ताण दिला तर इंजिन फिरण्याऐवजी बोल्ट सुटतो. इथे ताकदीपेक्षा हाताला काय जाणवते ते महत्त्वाचे. दोन्ही दिशांना पुली केसभरही हलत नसेल, भिंतीला दांडा लावल्यासारखे वाटत असेल, तर गंज किंवा बेअरिंग. पुली थोडी फिरून एका जागी गच्च थांबते आणि मागे मात्र मोकळी येते, तर सिलिंडरमध्ये पाणी. थोडी फिरून 'टिक' असा धातूचा आवाज येऊन थांबत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटून किंवा दात सरकून पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आहे. तिथेच हात थांबवायचा, कारण पुढचा प्रत्येक धक्का व्हॉल्व्ह वाकवतो. जड पण एकसारखी फिरत असेल तर इंजिन जाम नाहीच. कॉम्प्रेशनचा जोर आणि दाटलेले ऑइल एवढेच कारण असू शकते.

यानंतर सगळे प्लग काढायचे. भोकाभोवतीचा गाळ आधी ब्रशने आणि हवेने साफ केला नाही, तर तो सरळ आत पडतो आणि बोअरवर कानस फिरल्यासारखे ओरखडे उठतात. डिझेलमध्ये इंजिनाच्या रचनेप्रमाणे हीटर प्लग किंवा नोझल काढावे लागते. कॉमन रेलच्या गाडीत हे घरी करण्याजोगे काम नाही. प्लग निघाला की त्याचे टोक बघायचे. कोरडे आणि तपकिरी असेल तर तो सिलिंडर बहुधा बरा. तांबूस ठिपके असतील तर गंज तिथेच आहे. मग पुली हळू फिरवून पाहायची, तोंड भोकासमोर न आणता. पाणी कोंडलेले असेल तर ते चिळकांडीसारखे उडून बॉनेटपर्यंत जाते आणि अडलेला क्रँक सुटतो. आत उरलेले पाणी काढायला जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज आणि तिला जोडलेली सलाइनची नळी फार उपयोगी पडते. भिलवडीसारख्या दुधाच्या गावात ती शोधावी लागत नाही.

पाणी निघूनही पुली हलत नसेल तर भिजवण्याचे काम सुरू होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये पन्नास ते शंभर मिलिलिटर झिरपणारे मिश्रण सोडायचे. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गियरबॉक्सचे पातळ तेल, आणि ॲसिटोन समभाग हे जगभरच्या मेकॅनिकांचे आवडते मिश्रण. ते एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतण्यापूर्वी दर वेळी हलवावे लागते. ॲसिटोन रंग खातो आणि ठिणगीची वाट पाहत असतो, त्यामुळे आसपास विडी-सिगारेट नको. ते नको असेल तर डिझेल आणि पातळ ऑइल चालते, वेळ थोडा जास्त लागतो. भोके कापडाने झाकायची आणि रोज टॉर्च लावून पातळी बघायची. एका सिलिंडरमधले मिश्रण रात्रीत उतरले आणि दुसऱ्यातले तसेच उभे राहिले, तर उतरले तिथे ते रिंगांपलीकडे पोचले. उभे राहिले तिथे गंजाने वाट पुरती बुजवली आहे, किंवा त्या रिंगा मुळातच चांगल्या आहेत. दोन दिवसांत सुटणारी इंजिने असतात, दोन आठवडे घेणारीही असतात. मधल्या काळात वरून लाकूड ठेवून हातोडा मारण्याचा मोह होतो. तो मोह प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टन ठोकण्यापर्यंत गेला की पिस्टनला भोक पडते, ॲल्युमिनियम ते.

हलवण्याची रीत ऑइल इंजिनाचीच: झुलवणे. दांड्यावर ताण देऊन धरायचा, सोडायचा, उलट बाजूने बेताने द्यायचा. मीटरभर दांड्याच्या टोकाला साठ किलोचा माणूस लोंबकळला, तर बोल्टवर सुमारे ५९० न्यूटन-मीटर पीळ येतो. छोट्या गाडीच्या पुलीचा बोल्ट एवढ्यासाठी केलेला नसतो आणि तो तुटला तर क्रँकमध्ये अर्धा राहतो. म्हणून बोल्टऐवजी फ्लायव्हीलच्या रिंगगियरवर ताण देणे बरे. सेल्फ काढला की ती जागा उघडी पडते. तिथून दांड्याने एकेक दात सरकवता येतो. दुसरी वाट गाडी वरच्या गियरमध्ये टाकून दोघातिघांनी सपाटीवर पुढेमागे झुलवण्याची. टोचन लावून ओढण्याची मात्र नव्हे. ट्रॅक्टरला रिंग आणि रॉड यांची कीव येत नाही. पहिली हालचाल मिलिमीटरचीच असते. पुलीवर खडूने खूण केलेली असली तर ती दिसते, नाहीतर वाटते की काहीच झाले नाही. खूण हलली की थांबून पुन्हा मिश्रण सोडायचे. एका दिशेने जोर करून पूर्ण फेरा काढला, तर रिंगेखालचा गंज किसणीसारखा बोअरवर फिरतो. मागेपुढे करत गेले तर तो तेलात मिसळून सुटतो.

एवढ्यानेही न हलणाऱ्या जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनावर ग्रीसगनचा उपाय चालतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले पाहिजेत आणि पिस्टन अगदी वरच्या टोकाला अडकलेला नको. नोझलच्या भोकात ग्रीसनिपल बसवून पोकळी ग्रीसने गच्च भरायची आणि पंप मारत राहायचे. ८० मिमी बोअरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब मिळाला तर पिस्टनवर पाच टनांचा रेटा येतो, तोही सगळीकडून सारखा आणि हातोड्याच्या घावाशिवाय. हवेचा दाब इथे वापरू नये. ती दबून बसते आणि सुटते तेव्हा स्फोटासारखी सुटते. हेड उघडून लायनर बाहेर काढलाच असेल, तर गंज सोडवायला उसाच्या पट्ट्यात आणखी एक औषध आहे: मळी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यात बिडाचा भाग आठवडा-दोन आठवडे बुडवला की गंज जातो आणि धातू तसाच राहतो. कारखान्याच्या मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, म्हणून गुऱ्हाळातली काकवी बरी. ॲल्युमिनियम मात्र यात खराब होते, आणि चौथ्या दिवसापासूनचा वास घरच्यांना सांगून ठेवलेला बरा.

तापून धरलेल्या इंजिनाचे गणित वेगळे. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगते. ६८.५ मिमीचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.१६ मिमी वाढतो, तेवढीच तापलेली बिडाची बोअर ०.०८ मिमी. पिस्टनच्या खालच्या घेराशी ठेवलेले अंतर केसाच्या जाडीपेक्षा कमी. रेडिएटर फुटला, पाणी गेले, गाडी तशीच दामटली की पिस्टन बोअरला घासून अडकतो. थंड झाल्यावर तो बहुधा आपोआप सुटतो, आणि इथेच गैरसमज होतो: गाडी चालू झाली म्हणजे काही बिघडले नाही. बोअरवर ॲल्युमिनियमचे ओरखडे उठलेले असतात. धूर आणि ऑइलचा खप पुढे कारण सांगतात. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतणे हा हेड वाकवण्याचा खात्रीचा मार्ग. बेअरिंग धरले असेल तर कुठलेही मिश्रण कामाचे नाही. ऑइल चेंबर खोलायचा. तळाशी चकचकीत पत्र्याच्या कपच्या आणि सोनेरी चुरा दिसला की घरगुती काम तिथे संपले. क्रँक लेथवर ग्राइंड करून घ्यायचा आणि पुढच्या मापाचे बेअरिंग टाकायचे.

पुली पूर्ण फिरली तरी लगेच सेल्फ नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांचे, म्हणून हाताने निदान चार-पाच फेऱ्या काढून कुठे अडते का ते बघायचे. जुने ऑइल सोडून द्यायचे. आधी पाणी पडते, मग ऑइल, कारण पाणी तळाला बसते. हे ऑइल गटारात किंवा द्राक्षबागेच्या कडेला ओतायचे नाही. जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यायचे. नवा फिल्टर, स्वस्तातले पण योग्य ग्रेडचे ऑइल. प्लग अजून बाहेरच. इंधनाचा आणि ठिणगीचा फ्यूज काढलेला. आता सेल्फ, दहा-दहा सेकंद, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग कॉम्प्रेशन गेज. पेट्रोल इंजिनात दहा-बारा किलोच्या आसपास आकडा यावा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. पाण्यातून चालवलेल्या गाडीत प्रत्येक भोकातून सळई सोडून पिस्टन वरच्या टोकाला किती उंच येतो तेही ताडून पाहायचे. एखादा दोन मिलिमीटर खालीच राहत असेल तर त्याचा रॉड वाकला आहे आणि ते इंजिन चालू करणे म्हणजे रॉड ब्लॉकमधून बाहेर काढणे.

सगळे जुळले तर प्लग बसवून इंजिन चालू होते. पहिली दहा मिनिटे पांढरा-निळा धूर निघतो. आत सोडलेले मिश्रण जळत असते, त्याला घाबरायचे कारण नाही. एक्सलेटर न दाबता वीस मिनिटे चालू द्यायचे आणि ऑइल गरम असतानाच पुन्हा सोडायचे. ते पुन्हा थोडे दुधाळ निघेल. पुरातल्या इंजिनाला असे दोन-तीन वेळा करावे लागते, आणि पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. त्या वेळी चेंबरच्या नटाला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक लावून बघायचा: लोखंडी चुरा आला तर बोअर अजून झिजते आहे, नुसतेच काळे ऑइल आले तर नट घट्ट करून गाडी बाहेर काढायची.